घुमटाची थाप आणि तालाची भाषा

गायकवृंदाच्या सरावाला बसले की एक प्रसंग आम्ही पुनःपुन्हा अनुभवतो. ऑर्गनवादक म्हणतो 'सिक्स-एट', तबलजी म्हणतो 'दादरा', आणि घटकाभर वाद रंगतो. वास्तविक दोघेही सहाच मोजत असतात. तालशब्दांची ओळख नसल्याने हा घोळ होतो.

कालमापनाचे एकक ती मात्रा. मात्रांमधील समान अंतराने ठरणारी गती ती लय. लय विलंबित, मध्य वा द्रुत असते. ठरावीक मात्रांचे आवर्तन म्हणजे ताल आणि त्याची पहिली मात्रा ती सम. दादऱ्याच्या सहा मात्रांचे तीन-तीन असे दोन भाग पडतात. समेवर टाळी देतात, तर चौथ्या मात्रेवर हात उघडून 'खाली' दाखवतात. पाश्चात्त्य स्वरलेखनात बलाघात आहे, परंतु खालीची खूण नाही. खरा फरक आहे तो येथे.

हे दोन्ही प्रवाह गोव्यात फार पूर्वी एकत्र आले. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुले स्वरलेखन व व्हायोलिन शिकली. घरी मात्र घुमट होतेच. घुमट हे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. एका हाताने थाप द्यावी आणि दुसऱ्या तळव्याने लहान तोंड झाकीत-उघडीत नाद वळवावा. भरताच्या नाट्यशास्त्रातील वर्गवारीप्रमाणे हे अवनद्ध वाद्य, म्हणजे चामड्याने मढवलेले. ख्रिस्ती घरांतील मांडो याच घुमटावर विलंबित लयीत चालतो. मागून येणारे दुलपद लय वाढवते. हिंदू घरांत गणेशाच्या आरतीलाही तेच घुमट घुमते.

पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले आणि कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. जुने वादक नादातील फरकाबद्दल हळहळतात. ती हळहळ आम्ही समजू शकतो. तरीही एका जिवाच्या मोलाने नाद राखावा, असे आम्हाला वाटत नाही. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. ते स्थान नुसते वाद्य आणून ठेवल्याने मिळत नाही. ऑर्गनवादकाने खाली ओळखावी, तबलजीने बलाघात जाणावा. मग दोघेही समेवर एकत्र येतील.