लहानांना दोत्रीन, मोठ्यांना काय?

उज्जैनला पुराण ऐकण्याची सवय फार जुनी. स्कंदपुराणातला अवंतीखंड म्हणजे या शहराचेच पुराण. वक्त्याने सांगायचे, श्रोत्यांनी ऐकायचे, मध्येच कुणी शंका काढायची आणि वक्त्याने ती फेडून पुढे जायचे, ही तिथली रीत. अठराव्या शतकात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. मराठी घराणी क्षिप्रेकाठी स्थिरावली आणि त्यांच्या मागोमाग मराठी कीर्तन-पुराणही तिथे रुजले.

याच शहरात २९ जुलै १९६८ रोजी केरळच्या सिरो-मलबार चर्चचे एक नवे धर्मक्षेत्र स्थापन झाले. उज्जैन, शाजापूर आणि राजगढ हा त्याचा मुलूख. फादर जॉन पेरुमट्टम त्याचे प्रमुख झाले आणि १९७७ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळाल्यावर तेच पहिले बिशप. या चर्चची एक रीत मला महत्त्वाची वाटते. शेजारपाजारच्या घरांचा एक गट करायचा, आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे, बायबलचा एखादा उतारा वाचायचा, त्यावर बोलायचे आणि प्रार्थना करून उठायचे. मल्याळममध्ये तिला ‘कुडुंब कूट्टाय्मा’ म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हेच काम घरसभा आणि बायबल अभ्यासवर्ग करतात. माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर आणि महूला काम सुरू केले, पुढे उज्जैनही त्यांचे एक ठाणे झाले. म्हणजे गटाने बायबल वाचण्याची रीत या शहरात दोन वेगवेगळ्या दारांनी आली.

पण तिचे कूळ कुठले? संसारात मुरलेली, पोरेबाळे असलेली माणसे एका पुस्तकाभोवती बसतात आणि देवाविषयी मोठ्याने विचार करतात, हे कधी सुरू झाले? ज्यू परंपरेत उत्तर जुने आहे. नहेम्याच्या ग्रंथात, बाबेलहून परतलेल्या लोकांसमोर एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत धर्मशास्त्र वाचतो. ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि समजू शकेल असे सगळे जमलेले असतात. लेवी लोक त्यांच्यात मिसळून अर्थ उलगडून सांगतात, आणि ऐकता ऐकता लोकांना रडू फुटते. मराठीपुरता माग काढायचा तर मात्र गोव्यात, साष्टीत जावे लागते.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये वारला. मधली बहुतेक वर्षे तो साष्टीतच होता. १६१६ मध्ये रायतूरला त्याचा ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला. त्यालाच आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूच्या चरित्राचे. भाषा मराठी, मधूनमधून कोंकणी. मराठीच्या अभ्यासक्रमात या ग्रंथाची ओळख बहुधा त्याने केलेल्या मराठीच्या स्तुतीवरच थांबते. मला त्याचा आरंभ जास्त मोलाचा वाटतो.

आरंभ असा आहे. आयतवारचा दिवस. साष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री मुलांना दोत्रीन शिकवतो आहे. दोत्रीन म्हणजे प्रश्नोत्तरांतून पाठ करून घ्यायची धर्मशिकवण. तिथे एक ब्राह्मण येतो आणि पाद्रीला सांगतो की मुलांसाठी हे ठीक आहे, पण आम्हा मोठ्यांना काय? आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्याल, तर आमचा वेळ चांगला जाईल. या मागणीला उत्तर म्हणून पाद्री कथा सांगू लागतो.

या मागणीमागे दुःख आहे, आणि ते नजरेआड करून ही कुळकथा सांगता येणार नाही. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रक्त सांडले, पाद्री मारले गेले आणि त्याचा सूडही घेतला गेला. विचारणाऱ्या माणसाच्या हातून त्याची पोथी काढून घेतलेली होती. स्टीफन्स त्याच सत्तेच्या छत्राखाली राहत होता. तरीही त्याने त्या माणसाची तक्रार ग्रंथाबाहेर ठेवली नाही, ती पहिल्याच अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, घेतली. पुढेही कथा चालू असता श्रोता मध्ये थांबवतो, शंका विचारतो आणि पाद्री गुरू उत्तर देतो. पुराणिक आणि श्रोता यांचे आपले नाते त्याने जसेच्या तसे उचलले होते.

रविवारी आणि सणावारी चर्चमधून हे पुराण वाचले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्यानंतर १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि वातावरण बदलले. जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही शिल्लक नाही. हस्तलिखिते मात्र मंगळूरकडच्या ख्रिस्ती घराण्यांनी सांभाळली आणि त्यांच्याच आधाराने १९०७ मध्ये सालढाणांनी ग्रंथ पुन्हा छापला.

युरोपात अशा बैठकांचा उगम सांगताना फ्रँकफर्टच्या फिलिप याकोब स्पेनरचे नाव घेतात. त्याने १६७० मध्ये स्वतःच्या घरी माणसे जमवून वाचन सुरू केले. त्या चळवळीचा वारा पुढे जर्मनीतून तरंगंबाडीपर्यंत आणि इंग्लंडात वेस्लीच्या मेथडिस्टांपर्यंत पोहोचला. साष्टीतले ते संभाषण स्पेनरच्या बैठकीच्या चोपन्न वर्षे आधी छापलेले आहे. साष्टीत पुस्तक वक्त्याच्याच हाती होते, फ्रँकफर्टला ते बसलेल्यांच्या हाती आले, हा फरक मोठा आहे. पण मोठ्या माणसाची श्रद्धा पाठांतरावर भागत नाही, तिला विचारायला जागा लागते, हे मराठी श्रोत्याने आधी सांगितले होते.

मराठी माणसाच्या हातात पुस्तक यायला एकोणिसावे शतक उजाडले. विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला निघाला. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले, नंतर नगरला गेले. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ज्यांनी हा धर्म स्वीकारला, त्यांतल्या बहुतेकांना शाळेच्या उंबऱ्यावरही कुणी कधी उभे केले नव्हते. तिथे कीर्तनाने काम केले. कृष्णराव सांगळ्यांनी बायबलची आख्याने वीणा-टाळांवर उभी केली आणि रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीत ती रंगू लागली. पुढे नारायण वामन टिळकांनी हाच ओघ अभंगांत आणला आणि १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती.

या वंशावळीत माझ्या लेखी सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. त्या पुराणिकाची मुलगी. अनंतशास्त्री डोंगरे बायकापोरांना घेऊन भारतभर पायी हिंडले, देवळांत आणि नदीकाठी पुराण वाचून मिळेल त्यावर जगले. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवले आहे की येणारे-जाणारे नमस्कार करीत, फुले-पैसे ठेवीत. अर्थ कळला नाही तरी शब्द कानावर पडले की पुण्य लागते, असा त्यांचा समज होता. हे दृश्य पाहत मोठी झालेली बाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाली आणि तिथेही तिने समजल्याशिवाय मान हलवायला नकार दिला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि शाळाप्रमुख डोरोथिया बील यांच्याशी तिचा त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून जो वाद झाला, तो पत्रांतून शिल्लक आहे. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पत्रे छापली. माझ्या विवेकाला पटेल तेच मी मानीन, हा त्यांतला सूर. देवाचे रूप तिच्या मनात सावकाश घडले, आणि ते घडले विचारता विचारता, उलट उत्तरे ऐकता ऐकता, पुन्हा वाचता वाचता.

म्हणून रमाबाईंच्या केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमात जे घडले ते मला आश्चर्याचे वाटत नाही. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला बसायला कोण येते असे विचारले, तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. दुष्काळातून उचललेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा, सगळ्या एका ठिकाणी. मुक्तीचा छापखानाही बायकाच चालवीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल तिथेच छापले गेले, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये. खिळे जुळवणारीला प्रत्येक अक्षर हातात धरावे लागते, तेही उलटे, आणि ओळ लागली की पुन्हा तपासावी लागते. ज्या बाईच्या हातात कधी पाटी दिली गेली नव्हती, तिच्या बोटांतून अख्खा धर्मग्रंथ एकेका अक्षराने गेला. इतके जवळचे वाचन वेदशाळेतही थोड्यांच्याच वाट्याला आले असेल.

कॅथलिकांकडे हे दार सर्वांसाठी सताड उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १८ नोव्हेंबर १९६५ च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने बायबल प्रापंचिकांच्या हाती असावे, असे स्पष्ट म्हटले. उज्जैनचे धर्मक्षेत्र त्यानंतर तीन वर्षांच्या आत जन्मले. दक्षिण आफ्रिकेत लुम्को संस्थेच्या ओस्वाल्ड हिर्मर आणि फ्रिट्झ लोबिंगर यांनी गटवाचनाची सात पायऱ्यांची पद्धत बसवली आणि ती आशियाभर पसरली. मुंबई धर्मप्रांतातही छोटे ख्रिस्ती समूह उभे राहिले. पायऱ्या साध्या आहेत: प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला लागलेला एखादा शब्द मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणणे, गप्प बसणे, आपल्याला काय जाणवले ते सांगणे, आपण मिळून काय करायचे ते ठरवणे आणि शेवटी प्रार्थना. पाचव्या पायरीला चर्चा करायची नसते, दुसऱ्याचे खोडायचे नसते, प्रवचन द्यायचे नसते. प्रत्येकाने फक्त ‘मला’ असे म्हणून बोलायचे. साष्टीत श्रोता विचारी आणि गुरू उत्तर देई. इथे उत्तर द्यायला कुणी गुरूच बसलेला नाही.

यातून देवाविषयीची समज बदलते ती कशी, हे एका दाखल्यावरून पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे, दुपारी आणि दिवस कलताना मजूर लावतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पगारदार माणसाला हा अन्याय वाटतो. तो मनात हिशेब मांडतो आणि देव त्याला कोड्यात टाकणारा धनी वाटतो. आता तोच उतारा उज्जैनच्या एखाद्या वस्तीत वाचला जातो आहे असे समजा. या शहरातल्या कापडगिरण्या बंद पडल्या आणि विनोद मिलच्या कामगारांनी थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहून दुपारपर्यंत कुणी न बोलावलेला माणूस त्या बैठकीत असेल, तर तो शेवटी आलेल्यांकडे पाहतो. त्याला ठाऊक असते की दिवसभर उन्हात उभे राहणे हेही कष्टच, आणि घरी पोटे तेवढीच. तो हे बोलला की शेजारच्या कारकुनाचा देव जागचा हलतो. पुस्तकातले अक्षरही बदललेले नसते. कारकून घरी एकटा बसून ते शंभरदा वाचता, तरी त्याला तो मजूर दिसला नसता.

मानसशास्त्रही याला दुजोरा देते. आना-मारिया रिझुतो यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की देवाची मनातली मूर्ती लहानपणीच, आईबापांच्या सावलीत घडू लागते. कडक बापाच्या मुलाला देवही दारात छडी घेऊन उभा दिसतो. ही मूर्ती प्रवचनाने सहसा हलत नाही, कारण प्रवचन बुद्धीला गाठते आणि मूर्ती त्याहून खोल असते. ती हलते दुसऱ्या माणसाचा जिवंत अनुभव समोर आला की. शेजारीण तिच्या मुलाच्या मरणानंतर प्रार्थना कशी सुटली आणि पुन्हा कशी सुरू झाली हे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनातला छडीवाला देव पहिल्यांदाच गप्प झालेला असतो.

धोकाही आहे. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या छोट्या गटांचा मोठा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. गटात माणसांना आधार मिळतो, पण देव सोयीचा आणि लाडका होऊन बसतो, त्याचा दरारा जातो, हे त्याचे निरीक्षण मला पटते. आपल्याकडे याचे दुसरे रूप दिसते. गटप्रमुख छापील पत्रकातली उत्तरे वाचून दाखवतो, सगळे आमेन म्हणतात आणि चहा येतो. अशा बैठकीत पुन्हा दोत्रीनच चाललेली असते, फक्त मुले मोठी झालेली असतात. शिवाय गट आपल्या आवडीचे उतारेच निवडतो. हरवलेले मेंढरू वर्षातून चारदा वाचले जाते आणि ईयोबाची पाने कोरी राहतात.

ईयोबाचा ग्रंथ तर गटांनी आधी वाचावा. त्यात एका दुःखी माणसाभोवती त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री न बोलता बसतात. मग बोलू लागतात आणि देवाची बाजू घेऊन त्याला समजावतात, की तू पाप केले असशील, नाहीतर असे झालेच नसते. ईयोब ऐकत नाही. तो तक्रार करतो, देवाला जाब विचारतो, मरण मागतो. तीसेक अध्याय हे चालते. शेवटी देव बोलतो. तो ईयोबालाही त्याची जागा दाखवतो, पण मित्रांवर रागावतो आणि त्यांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. मग तो त्या तिघांना ईयोबाकडे पाठवतो, त्याने तुमच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.