बायपास सोडून जुन्नरला जाताना

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या लोणीहून जुन्नरला निघालो की मंचरला पुणे-नाशिक महामार्ग लागतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आताचा ६०. खेड, मंचर, नारायणगाव या सगळ्यांना आता बायपास झाले आहेत. गाड्या गावाबाहेरूनच सुसाट निघून जातात. मी मात्र शक्यतो जुन्या रस्त्याने, गावातून जातो. घोड नदी ओलांडायची, नारायणगावच्या बाजारातून वाट काढायची आणि पश्चिमेला जुन्नरकडे वळायचे.

हा महामार्ग तसा अलीकडचा. या भागाचा खरा जुना रस्ता त्याला आडवा जातो. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून नाणेघाट चढून जुन्नर आणि तिथून पैठण, असा तो सातवाहनकाळातला व्यापारी मार्ग. नाणेघाटातल्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते.

या वाटेने माल आला तशी माणसेही आली. जुन्नरच्या लेण्यांत तीन दानलेख 'यवनां'चे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, तिसऱ्या चंदाने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. हे तिघे बौद्ध संघाला दान देणारे. इस्लामचा उदय व्हायला तेव्हा अजून काही शतके होती. पुढे मराठीत 'यवन' म्हणजे मुसलमान असा अर्थ रूढ झाला आणि त्याला 'परका' ही छटा चिकटली. शाळेच्या पुस्तकात हा शब्द आला की वर्गातली दोन-चार पोरे आपल्याकडे वळून बघायची, हा अनुभव माझ्या पिढीतल्या अनेकांना असेल. त्या वेळी कुणी जुन्नरच्या या लेखांबद्दल सांगितले असते तर बरे झाले असते. या शब्दाची जुन्नरमधली सर्वात जुनी ओळख पाणी आणि जेवण देणाऱ्यांची आहे.

पुढची कहाणीही अशीच गुंतलेली आहे. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि जुन्नरहून स्वतंत्र कारभार सुरू केला. हीच निजामशाही. अहमदनगर नंतर वसले. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की मलिक अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळातले. आता सांगा, त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचे? या राज्याच्या चाकरीत मालोजी भोसले होते, शहाजीराजे होते. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच राज्याचा कर्ता झाला आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांशी लढत राहिला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

१६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. गडावर शिवाई देवीचे मंदिर आहे, डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि वर पाण्याच्या टाक्यावर कमानीची मशीद उभी आहे. गडावर जाणारे बहुतेक जण या तिन्ही ठिकाणी फोटो काढतात. पण तिघांना एकाच गोष्टीत बसवून सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

जुन्नरजवळ हापूसबागेत हबशी गुंबज आहे. हापूस हा शब्द आंब्यावरून आला असे अनेकांना वाटते. जाणकार तो 'हबशी'शी जोडतात. आपल्या रोजच्या बोलण्यात किती माणसे अशी बेनाव होऊन राहिली आहेत!

'तुम्ही बाहेरून आलात' असे ऐकवणाऱ्याशी वाद घालण्यात आपली बरीच ताकद जाते. खरे तर या घाटाने सगळेच आले: व्यापारी, भिक्षू, सैनिक, गुलाम. प्रश्न इथे येऊन कुणी काय केले, हा असायला हवा. टाकी कुणी खोदली, घुमट कुणी बांधला, लढाईत कोण कोणाच्या शेजारी उभा राहिला.

पुढच्या वेळी नाशिककडे जाताना नारायणगावला महामार्ग सोडा. जुन्नर जेमतेम पंधरा किलोमीटर आहे. मुलांना सोबत न्या. शिवनेरी दाखवा आणि परतताना हबशी गुंबजापाशीही थांबा.