आहारतज्ज्ञ येण्याआधी: डहाणू-तलासरीतील बालपोषणाचा इतिहास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत लहान मुलाच्या खाण्यापिण्याचा सल्ला देणारे माणूस काळागणिक बदलत गेले. आधी घरातली म्हातारी आणि सुईण, मग बालवाडीची ताई, मग गावातलीच अर्धवेळ काम करणारी बाई, नंतर अंगणवाडीसेविका. पदवी घेतलेला, पगारी आहारतज्ज्ञ या साखळीत सर्वांत शेवटी आला आणि तोही बहुतेक करून रुग्णालयाच्या खोलीतच थांबला. रानशेत हे डहाणू तालुक्यातील गाव गंजाड-कासा बाजूच्या पट्ट्यात येते. वारली वस्तीचे, पाड्यापाड्यांत विखुरलेले जीवन ही या पट्ट्याची ओळख. मुलाचे वजन का भरत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधायला इथे कोण कोण आले आणि काय शिकून गेले, हे पाहिले तर महाराष्ट्रातील बालपोषणाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

या भागात खाण्याचे ज्ञान नव्हते असे मानून जे कार्यक्रम आखले गेले, ते पहिल्याच पायरीवर चुकले. पावसाळ्याच्या तोंडावर रानात शेवळे उगवतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. कडूकंद विषारी असतो. त्याचे काप करून, राखेत उकळून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तो तोंडात घालता येत नाही. टाकळा, कुरडू, लोत, बांबूचे कोंब, करांदे, अळंबी, ओढ्यातली चिंबोरी आणि मासे, सुकट, मोहाच्या बियांचे तेल, उडीद, तूर, वरई, नागली ही यादी आजच्या कोणत्याही पोषणतक्त्याला लाजवील अशी आहे. नागलीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण तांदळाच्या कितीतरी पट असते. धान्याला देवतेचे रूप देऊन तिला कणसरी म्हणणाऱ्या समाजाला अन्नाचे मोल शिकवण्याची गरज नव्हती.

अडचण वेगळीच होती. लहान मुलाचे पोट मुठीएवढे. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, घट्ट आणि स्निग्ध अन्न थोडे थोडे द्यावे लागते. घरात मात्र दोन वेळा चूल पेटते, आणि आई दिवसभर शेतात, रानात किंवा दुसऱ्याच्या वाडीत. मुलाला सांभाळणार सहा-सात वर्षांची बहीण, आणि वाटीत येणार ती पातळ पेज किंवा आंबील. पेज पोट भरते, पण पाणी जास्त असल्याने अंगी कमी लागते. त्यात भर पडे ती पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, नवे भात यायला अवकाश, शेतात कामाचा सर्वांत मोठा रेटा आणि त्याच दिवसांत जुलाब-तापाची साथ. मुलाचे वजन घसरते ते याच महिन्यांत. हे गणित दीडशे वर्षांपूर्वीही तेच असावे.

रिकाम्या कणगीवर सावकारीचा व्यवहार उभा होता. पावसाळ्यात जमीनदार किंवा सावकार खायला भात देई, त्याला खावटी म्हणत, आणि सुगीला ते सवाई-दिढीने परत घेई. पीक खळ्यावरूनच जाई आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी. मुंबई सरकारने 1937 मध्ये आदिवासी भागांच्या पाहणीसाठी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला नेमले. त्याच्या अहवालात वेठ, कर्ज आणि लग्नासाठी पैसे घेऊन आयुष्यभर राबणाऱ्या लग्नगड्यांची हकिगत आली आहे. 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला नकार देण्याचा ठराव झाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभारलेल्या या लढ्याची कहाणी गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. बालपोषणाच्या इतिहासात हा लढा सहसा मोजला जात नाही, पण मोजायला हवा. आईचा दिवस कुणाच्या मालकीचा, हे ठरल्याशिवाय मुलाच्या वाटीचा प्रश्न सुटत नव्हता.

त्याच 1945 साली त्याच पट्ट्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाईंनी 1926 मध्ये भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ काढला होता; पुढे दादरला शिशुविहार चालवले. शहरी घरांसाठी जमलेली माँटेसोरी पद्धत खेड्यात कशी न्यायची, हा त्यांचा बोर्डीतला प्रश्न होता. अनुताई वाघ तिथेच सहकारी म्हणून त्यांच्याकडे आल्या आणि 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा पाड्यातल्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात असत, म्हणून कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणाऱ्या विकासवाडीत थोरली बहीण शिकू शकली, कारण कडेवरचे मूल पाळणाघरात राहू लागले. आहारशास्त्राच्या पुस्तकात या युक्तीला जागा नसते. तरीही मुलाला वेळेवर भरवणारे मोठे माणूस मिळणे, हा तिचा परिणाम आहारशास्त्राचाच होता. अंघोळ, नखे, केस आणि खाऊ यांपासून दिवस सुरू करणारी ही बालवाडीची ताई म्हणजे या भागातली घराबाहेरची पहिली आहारसल्लागार म्हणता येईल.

प्रयोगशाळेतून याच प्रश्नाकडे पाहणाऱ्या बाई म्हणजे कमला सोहोनी. केंब्रिजहून 1939 मध्ये डॉक्टरेट घेऊन आलेल्या या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम करत होत्या. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि ताडगुळात लोह आणि जीवनसत्त्वे असतात, आणि ती स्वस्तात देता आल्यास कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना फायदा होतो, असे त्यांच्या कामातून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. डहाणूच्या किनारपट्टीला हे संशोधन परके नव्हते. ताड आणि शिंदीची झाडे इथे मुबलक. दारूबंदीच्या काळात ताडीऐवजी नीरा आणि ताडगूळ यांना सरकार आणि खादी चळवळ उत्तेजन देत होती. ताडगुळाचे जाणकार गजानन नाईक यांच्या नावाचे खादी आयोगाचे प्रशिक्षण केंद्र कोसबाड टेकडीवर आहे. नीरा मात्र ऊन चढले की आंबू लागते. उतरवल्यापासून मुलाच्या पेल्यापर्यंत ती गोड ठेवणे ही सोय पाड्यावर नव्हती, आणि चांगल्या संशोधनाचे गाडे इथे अडले.

सत्तरच्या दशकात रानशेतच्या अगदी जवळ, कासा येथे एक प्रयोग झाला. त्याचे नाव जागतिक आरोग्यसाहित्यात पोचले, स्थानिक आठवणीत मात्र फारसे उरले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा यांनी आधी पालघर परिसरात आणि मग कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात माता-बाल आरोग्य आणि पोषणाचा प्रकल्प चालवला. तीव्र कुपोषित मूल रुग्णालयात आणले की सुधारते आणि घरी गेले की पुन्हा ढासळते, हा तेव्हाच्या डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव. शिवाय एका मुलासाठी आई रुग्णालयात अडकली की घरची बाकीची मुले उघडी पडतात. शहांनी उलटा रस्ता धरला: मुलाला घरीच, घरच्याच अन्नावर सुधारायचे. त्यासाठी गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बाया अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. त्या घरोघरी वजन करत, तक्त्यावर ठिपका मांडत, आणि ज्या मुलांना धोका जास्त त्यांच्याकडे वारंवार जात. जुळे, कमी वजनाचे, वजन न वाढणारे, ज्याच्या पाठचे भावंड लवकर आले असे मूल, ही त्यांची धोक्याची यादी.

वजनाच्या तक्त्याची कल्पना डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातील खेड्यांत रुजवली होती. ठिपक्यांची रेघ वर चढते की आडवी पडते, हे निरक्षर आईलाही दिसते. आकड्यापेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची, हा धडा कासाच्या बायांनी शहाण्या डॉक्टरांइतक्याच चोखपणे उचलला. या भागाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध कोणता असे विचारले तर तो हाच: आहारसल्ल्याला पदवीपेक्षा परत परत दारात येणारे पाय जास्त लागतात.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी, ताराबाईंच्या अंगणातले. नाव घेतले, पण कोसबाडचा खेळ आणि कासाची घरभेट दोन्ही हळूहळू रजिस्टरांच्या ओझ्याखाली दबली. सेविकेच्या कामाचा मोठा भाग पूरक आहार वाटणे हाच झाला. वजनावरून मुलांच्या चार श्रेणी पाडल्या जात आणि तिसरी-चौथी श्रेणी म्हणजे धोका. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे नवे मानदंड आल्यावर श्रेणी गेल्या आणि सॅम (तीव्र कुपोषण) आणि मॅम (मध्यम कुपोषण) हे शब्द आले. आज पाड्यावरच्या बायकाही ‘पोर सॅममध्ये गेले’ असे बोलतात.

1992 मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली आणि ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा महाराष्ट्राला एकदम दिसला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचे ते मृत्यू होते. त्यानंतर 1995 मध्ये नवसंजीवनी योजना आली. आरोग्य, रेशन, रोजगार आणि खावटी कर्ज यांची पावसाळ्याआधी एकत्र तयारी करावी, ही त्यामागची कल्पना. खावटी हा शब्द सावकाराच्या वहीतून आता सरकारच्या वहीत आलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचा आदेश दिला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2004 मध्ये बालमृत्यूंचा अहवाल दिला आणि बालमृत्यूंची नोंद प्रत्यक्षापेक्षा फार कमी होते हे दाखवले. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. 2015 च्या अखेरीस सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस गरम जेवण, आणि पुढे मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळू लागली. अंगणवाडीतून मिळणारे पाकिटातले कोरडे पीठ अनेक घरी कोंबड्यांच्या वाट्याला जाते, हे उघड गुपित होते. अंडे मात्र मुलाच्याच पोटात जाते.

आहारतज्ज्ञ हे पद या व्यवस्थेत शेवटी दिसते. शहरात हा व्यवसाय आधीच रुजला होता: मुंबईच्या गृहविज्ञान महाविद्यालयांत आहारशास्त्र शिकवले जाई आणि 1963 मध्ये इंडियन डायटेटिक असोसिएशन स्थापन झाली. ग्रामीण भागात तो पोचला पोषण पुनर्वसन केंद्रांच्या वाटेने. केंद्र सरकारने 2011 मध्ये या केंद्रांचे नियम ठरवले आणि डॉक्टर, परिचारिका यांच्याबरोबर पोषण समुपदेशकाचे पद त्यात घातले. उंचीच्या मानाने वजन फारच कमी, दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत किंवा दोन्ही पायांवर सूज, अशा मुलाला सॅम ठरवतात. भूक शाबूत आहे का, हे आधी तपासतात. भूक चांगली आणि दुसरा आजार नाही, अशा मुलाला गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रातच सुधारता येते. भूक मेली असेल किंवा ताप-जुलाब असेल तर रुग्णालय. तिथे सुरुवातीला हलके, मापून दिलेले दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीही; मुलाचे शरीर सावरले की जास्त कसाचे. उपाशी देहाला एकदम भरपूर खाऊ घातले तर जीवावर बेतते, हे दुष्काळांतून मिळालेले ज्ञान इथे ग्रॅम-मिलिलिटरमध्ये उतरले आहे. सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूदही आहे. कासाला शहांनी दाखवलेली अडचण नियमकर्त्यांना उशिरा का होईना कळली.

कुपोषणामागे सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, दुभंगलेला टाळू असे कारण असेल तर नुसता आहारतक्ता पुरत नाही. मूल गिळते कसे, बसते कसे, हे पाहावे लागते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासून अशांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. रानशेतसारख्या गावातून आहारतज्ज्ञापर्यंतचा रस्ता आज असा जातो: अंगणवाडीसेविका किंवा आशा, मग आरोग्यसेविका वा शाळातपासणीचे पथक, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातले पोषण केंद्र. आहारतज्ज्ञ कोणाला म्हणावे हे कायद्याने ठरवण्याची सुरुवात 2021 मध्ये झाली. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणाऱ्या त्या वर्षीच्या कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे.

रस्ता तुटतो तो दिवाळीनंतर. भात झोडून झाले की कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, गुजरातकडच्या कामांवर किंवा खलाशी म्हणून बोटींवर जातात. मूल बरोबर जाते, वजनाचा तक्ता गावात राहतो. होळीला किंवा पावसाच्या तोंडावर ते परत येते, तेव्हा मधल्या पाच-सहा महिन्यांची रेघ कोरी असते, आणि सेविका त्याला पुन्हा काट्यावर ठेवून नव्याने ठिपका मांडते.