कृपादानें आणि श्रद्धेची कसोटी

कोणत्याही धर्माच्या इतिहासांत असा एखादा काळ येतो कीं, ज्या वेळीं श्रद्धा आपली नेहमींची शांत चाल सोडून एकाएकीं उसळून वर येते. माणसें रडतात, ओरडतात, न शिकलेल्या भाषा बोलूं लागतात. कोणास दर्शनें होतात, कोणी रोगमुक्त झाल्याचें सांगतात. अशा प्रसंगीं सुशिक्षितांत दोन तट पडतात. एकास हें सारें ईश्वरी वाटतें, दुसऱ्यास सारें वेड वाटतें. आमच्या मतें इतिहासाच्या अभ्यासकानें या दोहोंहून निराळा प्रश्न विचारावा : त्या उमाळ्यांतून मागें काय उरलें? ख्रिस्ती धर्मानें हा प्रश्न अगदीं आरंभापासून स्वतःस विचारलेला आहे. आणि त्याचें एक बोलकें उत्तर पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं मिळालें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें.

इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें इफिसाहून करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिलें. करिंथ हें दोन समुद्रांमधील व्यापाराचें शहर. तेथील ख्रिस्ती मंडळी उत्साहानें भरलेली होती. कोणी अगम्य भाषा बोले, कोणी संदेश देई, आणि ज्याचें दान अधिक नवलाचें त्याचा तोरा अधिक. पण याच मंडळीच्या सहभोजनांत सुखवस्तु लोक आधींच जेवून घेत व गरीब उपाशी राहत! पौलाच्या पत्रांतील बारावा, तेरावा व चौदावा हे अध्याय ही विसंगति डोळ्यांपुढें ठेवून वाचले पाहिजेत. त्यानें या दानांचा निषेध केला नाहीं. त्यांस त्यानें जो ग्रीक शब्द योजला त्याचें मूळ 'कृपा' या अर्थाच्या शब्दांत आहे. जें कृपेनें मिळालें तें घेणाऱ्याच्या योग्यतेचें प्रमाणपत्र कसें होईल? त्यावरून दात्याचें औदार्य तेवढें सिद्ध होतें. म्हणून त्याची कसोटी दुहेरी आहे : दानानें इतरांचें हित होतें काय, आणि त्यामागें प्रीति आहे काय? प्रीति नसेल तर सर्व दानें मिळूनही शून्यच.

हा विचार मराठी वाचकास परका वाटूं नये. योगसूत्रांनीं सिद्धि या समाधीच्या मार्गांतील विघ्नें मानल्या आहेत, आणि आमच्या संतांनींही चमत्कारापेक्षां भूतदयेसच अधिक मोल दिलें. ख्रिस्ती जगांत हा वाद पुनःपुन्हा उठला. दुसऱ्या शतकांत फ्रिजिया प्रांतांत माँटेनस व त्याच्या दोन सहकारी स्त्रिया यांनीं संदेशवाणीची चळवळ उभारली, तेव्हां मंडळीच्या धुरीणांनीं तिला बाहेर घालविलें. अठराव्या शतकांत अमेरिकेंत मोठें धर्मजागरण झालें, त्यानंतर जोनाथन एडवर्ड्स यानें १७४६ मध्यें धर्मभावनांवर ग्रंथ लिहून असा निर्वाळा दिला कीं, शरीराचा कंप किंवा भावनेचा पूर ही खऱ्या श्रद्धेची खूण नव्हे, तसाच तो तिच्याविरुद्ध पुरावाही नव्हे. पालटलेलें आचरण हीच मुख्य खूण.

आतां केडगांवाकडे वळूं. पंडिता रमाबाईंस १८७८ मध्यें कलकत्त्यास विद्वानांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हां त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण तेथील धर्मभगिनींशीं सिद्धांत व अधिकार यांविषयीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो पाहिला म्हणजे हें मन कोणाच्याही मुठींत राहणारें नव्हे, हें दिसतें. १८८९ मध्यें मुंबईस काढलेलें शारदासदन पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. १८९३ मध्यें तेथील मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलें, आणि रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार-मंडळांतून अंग काढून घेतलें. त्या वादांत आमच्या समाजाची वेदना खोटी नव्हती, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. पुढें १८९६ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली आणल्या आणि केडगांवीं मुक्तिसदन वाढलें.

१९०४ मध्यें वेल्समध्यें धर्मजागरण सुरू झालें. त्याची वार्ता ऐकून १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं मुलींचा एक प्रार्थनासंघ जमविला. प्रथम सुमारें सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या पांचशेंवर गेली. जूनच्या अखेरीस एका पहांटे एका मुलीच्या अंगावर ज्वाला दिसल्याचें वाटून दुसरी मुलगी पाण्याची बादली आणावयास धांवली, आणि पाहते तों मैत्रीण जळत नव्हती! ही हकीकत मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी बाईंनीं लिहून ठेविली आहे. पुढें वर्गांमागून वर्गांत पापस्वीकार, आक्रोश व मोठ्यानें प्रार्थना सुरू झाल्या. १९०६ च्या अखेरीस तेथें मुली इतर भाषा बोलूं लागल्याच्या वार्ताही आल्या. लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध चळवळ एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगांवचें जागरण तिच्याहि आधींचें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या प्रकारांस मानसशास्त्र कांहीं उत्तर देईल. दुष्काळांतून वांचलेल्या, आप्तांस मुकलेल्या शेंकडों मुली एका आवारांत राहत. त्यांच्या मनांत सांठलेल्या दुःखास वाट मिळाली असेल, आणि एकीच्या अश्रूंनीं दुसरीस पाझर फुटला असेल. ज्या संस्थेवर अन्नवस्त्र अवलंबून, तिच्या धर्मास कितपत मोकळेपणानें होकार दिला जातो, हा प्रश्नही विचारणें न्याय्यच आहे. परंतु कारण सांगितलें म्हणजे मूल्य ठरलें, असें मात्र होत नाहीं.

खरें महत्त्व रमाबाईंनीं स्वतः काय म्हटलें याला आहे. कांहीं पाश्चात्य मिशनऱ्यांस हा गलबला असभ्य वाटला; तेव्हां आपल्या लोकांनीं आपल्याच रीतीनें भक्ति कां करूं नये, असें त्यांनीं त्यांस विचारलें. दुसऱ्या बाजूनें अमेरिकेंत चार्ल्स पार्हम यानें १९०१ पासून असा सिद्धांत मांडला होता कीं, अन्य भाषा बोलणें हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा होय. रमाबाईंनीं १९०७ मध्यें आपल्या नियतकालिकांत हें मत स्वीकारलें नाहीं. भाषादान व रोगनिवारण यांचा त्याग करूं नये, परंतु अवश्य अशी खूण प्रीति हीच, असा त्यांचा निर्णय होता. करिंथकरांस पौलानें सांगितलें तेंच हें. पण आपल्याच अंगणांत नवल घडत असतां, त्या नवलास साऱ्या जगाची मान्यता मिळत असतां, तें बोलावयास निराळेंच धैर्य लागतें.

एब्रम्सबाईंची १९०६ ची पुस्तिका दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत हूव्हर दंपतीच्या हातीं पडली, आणि १९०९ मध्यें व्हालपाराईसो येथें जें जागरण झालें त्यांतून पुढें तेथील मोठा पेंटेकोस्ट संप्रदाय निघाला. केडगांवचा आवाज असा समुद्रापार गेला. पण आम्हांस त्याहून मोठी वाटते ती मागें राहिलेली शांतता. रडण्याचे दिवस ओसरले. विणकाम, शेती, छापखाना व अंध मुलींचें शिक्षण चालूच राहिलें. १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी वृद्ध रमाबाई हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांशीं ताडून मराठी बायबलचें काम करीतच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला, तत्पूर्वीं तें काम पुरें झालेलें होतें.

अन्य भाषा बोलणाऱ्या त्या मुलींचे शब्द कोणास कळले, कोणास कळले नाहींत. परंतु खेड्यांतील अल्पशिक्षित बायकांस कळेल अशा मराठींत धर्मग्रंथ उतरविण्यासाठीं एका पंडितेनें जीं वर्षें झिजविलीं, तींही भाषेचेंच दान म्हटलीं पाहिजेत. त्यांत ज्वाला नव्हती, गलबला नव्हता. पौलाच्या तराजूंत कोणतें पारडें खालीं जाईल, हें वाचकांनींच ठरवावें.