चौदा आणे आणि दोन आणे

कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज या परिसरात कोळसा, राख आणि साफसफाईची कामे करणाऱ्या कंत्राटी मजुराच्या पगारपत्रकावर विम्याची कपात दिसते. तिचा उगम मात्र त्या संचाहून वीस वर्षे जुना आहे. ११ जुलै १९५४ रोजी राज्य कामगार विमा योजना नागपुरात लागू झाली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि कामगार म्हटला की गिरणीचाच डोळ्यांसमोर येई.

त्यापूर्वी कामगाराच्या आजाराचा खर्च कोण सोसत असे? बहुधा तो स्वतःच, नाहीतर सावकार. जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी व १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली, हे नागपूरला भूषणावह होय. परंतु ते मालकाचे औदार्य होते, कामगाराचा हक्क नव्हे. शेजारच्या गिरणीला त्याचे बंधन नव्हते.

हक्काचा आराखडा प्रा. बी. पी. आदरकर यांनी मांडला. मार्च १९४३ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ साली कायदा झाला. पण अंमलबजावणी चार वर्षे रखडली, आणि त्याच्या मुळाशी पैशाचा प्रश्न होता. योजना आधी कानपूर व दिल्लीत यायची होती. वर्गणीचा बोजा आमच्यावरच पडला तर इतर शहरांतील गिरण्यांपुढे आमचा माल महाग ठरेल, अशी तेथील मालकांची तक्रार होती. ती निराधार म्हणता येणार नाही. म्हणून १९५१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. योजना जेथे सुरू झाली तेथील मालकांनी वेतनखर्चाच्या सव्वा टक्का आणि देशातील इतर मालकांनी पाऊण टक्का वर्गणी द्यावी, असे ठरले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजनेचा प्रारंभ झाला. म्हणजे नागपूरच्या गिरण्या आपल्या कामगाराला एक गोळीही मिळण्यापूर्वी कानपूरच्या दवाखान्याचा भार उचलू लागल्या होत्या. एकाच्या आजाराचा खर्च अनेकांवर पसरवणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोठे दिसावे? आरंभी औषधोपचार केवळ कामगारापुरता होता. कुटुंबासाठी १९५८ पासून वाट मोकळी झाली.

पुढे खर्चाची जी वाटणी रूढ झाली, तिच्याकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. दवाखाने चालवायचे राज्य सरकारने. ठरलेल्या मर्यादेतील खर्चाचे आठांपैकी सात भाग द्यायचे महामंडळाने आणि एक भाग राज्याने. जुन्या हिशेबात रुपयातले चौदा आणे महामंडळाचे, दोन आणे राज्याचे. जो अधिक देतो त्याच्या हाती कारभार नाही, आणि ज्याच्या हाती कारभार आहे त्याचे पणाला लागते थोडेच. काटकसरीचा हुकूम निघून डॉक्टरची जागा रिकामी राहिली, तर राज्याच्या तिजोरीत रुपयामागे खरी बचत दोन आण्यांची होते. कामगाराची सेवा मात्र पूर्ण रुपयाची जाते. उरलेले चौदा आणे महामंडळाच्या गंगाजळीत पडून राहतात. औषध न मिळालेला कामगार खासगी डॉक्टरकडे जातो व एकाच आजारासाठी दोनदा पैसे मोजतो. अशा वेळी दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे असते. पण दोष बराचसा वाटणीच्या रचनेत आहे.

१ जुलै २०१९ पासून वर्गणी घटवण्यात आली : मालकाची ४.७५ वरून ३.२५ टक्के, कामगाराची १.७५ वरून ०.७५ टक्का. दहा हजार रुपये पगारावर मालकाचे दीडशे वाचले, कामगाराचे शंभर. कमी वर्गणीमुळे अधिक मालक योजनेत येतील, अशी सरकारची अपेक्षा होती. साठलेल्या पैशातून आधी रिकाम्या जागा भरल्या असत्या तर अधिक बरे झाले असते, असे मला वाटते.

दुसरी अडचण पगारमर्यादेची. कायदा झाला तेव्हा ती महिना ४०० रुपये होती. २०१७ साली २१,००० झाली. दोन वाढींच्या मधल्या वर्षांत महागाईने पगार वाढतो, पण मर्यादा जागची हलत नाही. पगार तिच्यापुढे एक रुपया गेला की चालू सहामाही संपताच वर्गणी थांबते आणि पुढे काही महिन्यांनी संरक्षणही संपते. पगारवाढीची बातमी घरी आनंदाची असते. पण ज्याची पत्नी डायलिसिसवर आहे, तो मजूर त्या बातमीने धास्तावतो.

अशांसाठी राज्याने करांच्या पैशातून दुसरा मार्ग काढला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नागपूर नव्हते. ते नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली ही मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा व सर्व कुटुंबांना सामावण्याचा निर्णय झाला. येथे सरकार मोठा ग्राहक बनून शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरवते. एकट्या रुग्णाला रुग्णालयाशी अशी घासाघीस कधीच करता आली नसती. तथापि पैसा खाटेमागे जातो. रक्तदाबाची रोजची गोळी खाटेविना घ्यायची असते, म्हणून ती बहुतांशी घरखर्चातच राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून दिलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. उरलेल्या ३९ टक्क्यांत औषधाच्या दुकानातील त्या लहान लहान पावत्या आहेत. त्यांवर ना महामंडळाचे चौदा आणे लागू होतात, ना राज्याचे दोन.