वसईच्या मातीत मेटल डिटेक्टर

शहरातल्या जुन्या बागा हुडकून तिथं मेटल डिटेक्टर फिरवायचा, हा इंग्लंड-अमेरिकेतला अनेकांचा आवडता छंद आहे. त्यामागचा हिशेब साधा आहे. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसली, खेळली, जत्रेला जमली, तिथं खिशातली नाणी पडलेली असणारच. हाच हिशेब वसई-विरारला लावला तर महापालिकेच्या बागा बाद होतात, कारण महापालिकाच मुळी २००९ ची. जुनी वर्दळ होती ती वसईच्या किल्ल्यात आणि जवळच्या सोपाऱ्यात. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत चर्च, मठ आणि हवेल्या नांदत राहिल्या. आज त्याच आवारात सकाळचे फिरणारे, क्रिकेट खेळणारी पोरं आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी दिसतात. वसईकरांची सर्वांत जुनी बाग म्हणावी तर हीच. तिथं डिटेक्टर वाजेल यात शंका नाही. तरीही वाजला म्हणून खणू नये, असं माझं म्हणणं आहे. इथल्या मातीतल्या वस्तूचं मोल ती कुठं, किती खोल आणि कशाच्या शेजारी पडली आहे यावर ठरतं, आणि हौशी खणण्यात नेमकं तेच पुसलं जातं.

याचा पुरावा सोपाऱ्यातच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं टेकाड उकरलं. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या: गौतमासह सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. करंड्यात करंडा असे चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे थर उलगडत गेले, तेव्हा शेवटच्या सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राच्या मातीच्या खापऱ्या मिळाल्या. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं होतं. हे नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, तर मूर्तींच्या घडणीवरून अभ्यासक त्या आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. नाणं एकटं बाजारात आलं असतं तर सातवाहनांचं आणखी एक नाणं ठरलं असतं, आणि मूर्ती कुणाच्या तरी काचेच्या कपाटात गेल्या असत्या. दोन्ही एकाच पेटीत सापडल्याची नोंद झाली, म्हणूनच शेकडो वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडून त्यात नव्यानं भर घातली असावी, असं अनुमान करता येतं.

काही वस्तू जागा सोडूनही बोलतात, हे खरं. १७३९ मध्ये मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चांतल्या घंटा देवळांत गेल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७, तर नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल ओतलेलं आहे. त्यांची साक्ष त्यांच्या अंगावरच कोरलेली आहे. बंदुकीच्या शिशाच्या गोळीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईच्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणव्यानं गवत जळालं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या हौशी मंडळींनाच हाताशी धरून प्रत्येक गोळीची आणि काडतुसाची जागा नकाशावर मांडली. कोण कुठून लढलं, कोण कुठं हटलं, हे त्या ठिपक्यांवरून उलगडलं. १७३९ च्या वेढ्यात मराठ्यांनी सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले. तटाबाहेरच्या मातीत त्या लढाईच्या गोळ्या उरल्या असतील, तर मोर्चे नेमके कुठं होते हे त्यांच्या विखुरण्यावरून कळू शकेल. त्याच गोळ्या कुणी पिशवीत भरून नेल्या तर उरेल ते फक्त शिसं.

यावर पहिला आक्षेप असा की, इमारतींचे पाये खणताना जेसीबी एका दुपारी जेवढी माती उलथतो, तेवढी हौशी माणूस जन्मात उलथणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघतं ते पायाखोदाईवर देखरेख हवी एवढंच; तटाआतली शाबूत जमीन उकरायची मुभा त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप इंग्लंडचा दाखला देतो. तिथं हा छंद चालतो, कारण १९९७ पासून जागोजागी नेमलेले अधिकारी सापडलेल्या वस्तूंची ठिकाणासह नोंद करतात. शिवाय संरक्षित स्मारकावर तिथंही परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप दोन्ही केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, आणि तिथं परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. इतरत्र जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तिसरा आक्षेप खोचक आहे: भगवानलालांनी तरी दुसरं काय केलं? त्यांनी खणलं, पण कुठं काय होतं ते लिहून ठेवलं, म्हणून तर आज आपण त्यांच्या पुराव्यावर वाद घालू शकतो.

तेव्हा दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वेढ्याच्या जमिनीची चौकटी आखून पाहणी व्हावी. ज्यांना डिटेक्टर चालवायची हौस आहे त्यांनी त्या कामात जरूर यावं. फक्त घरी न्यायला काही मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करून यावं.