मरोळच्या घरांतला पासवर्ड

1998-99 च्या सुमारास मुंबईतल्या मरोळमध्ये ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांतले बरेच जण सीप्झमध्ये नोकरीला होते. 1973 साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी वसवलेल्या त्या कुंपणाच्या आत तोवर सॉफ्टवेअर कंपन्या चांगल्या रुजल्या होत्या. फाटकावर ओळखपत्र दाखवायचं, बॅग उघडून दाखवायची, आणि टेबलाशी बसल्यावर विंडोज एनटीसमोर कंट्रोल-आल्ट-डिलीट एकदम दाबून नाव आणि पासवर्ड द्यायचा. चुकला की आत प्रवेश नाही. तोच माणूस संध्याकाळी विजयनगरला नाहीतर मरोळ-मरोशी रोडला घरी येऊन विंडोज 98 समोर बसायचा. तिथेही पासवर्डची चौकट यायची, पण एस्केप दाबलं की ती जायची आणि डेस्कटॉप उघडायचा.

मी तेव्हापासून मरोळ नाक्याजवळच्या गाळ्यात कॉम्प्युटर जोडून देतो आणि दुरुस्त करतो. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणायचे, कॅबिनेट इथे भरायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन लावायचं. लावून झालं की पहिली विनंती ठरलेली असायची: "दादा, ते पासवर्ड विचारणं तेवढं बंद करून द्या." अमुक विंडोज सुरक्षित आणि तमुक असुरक्षित, असा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला सांगायचं आहे ते या विनंतीबद्दल, कारण घरातला पासवर्ड कुणासाठी असतो हे मला तिनेच शिकवलं.

विंडोज 95 आणि 98 ही डॉसच्या वंशातली. एक माणूस, एक मशीन, हे त्यांचं गृहीतक. डिस्कवरच्या फाइलला मालक ही कल्पनाच त्यात नव्हती. मग ती चौकट कशाला? ती मशीन राखत नसे, पीडब्ल्यूएल नावाची एक छोटी फाइल राखत असे. त्या फाइलमध्ये बाकीचे पासवर्ड साठवलेले असायचे, आणि त्यांतला घरासाठी मोलाचा एकच होता, इंटरनेटचा. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सगळ्यांना खुलं केलं, पण ते तासांच्या हिशोबाने विकत घ्यावं लागे, आणि मोडेम फोनच्या तारेवर चाले म्हणून फोनचं बिल वेगळं. वडील आपला पासवर्ड देऊन आत आले की डायल-अपच्या चौकटीत इंटरनेटचा पासवर्ड आपोआप भरलेला असायचा. मुलगा एस्केप दाबून आत आला की गेम, गाणी, टायपिंग सगळं चालायचं, पण ती जागा रिकामी आणि "पासवर्ड जपून ठेवा" ही खूण फिकी पडलेली. याचा नेमका उपयोग काही घरांनी फार समजून केला. मशीन सगळ्यांना मोकळं आणि तास मात्र वडिलांच्या हातात. एवढी साधी आणि न्याय्य वाटणी नंतरच्या कुठल्याही विंडोजमध्ये मला दिसली नाही.

आपोआप लॉगिन ठेवणं हा निव्वळ निष्काळजीपणा होता, असं आता सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वन रूम किचनमध्ये ट्रॉलीवर ठेवलेला कॉम्प्युटर टीव्हीसारखाच सगळ्यांचा होता. पोलीस कॅम्पातल्या एका घरात मुलगी एमएस-सीआयटीचा सराव करायची, वडील नोकरीच्या अटीसाठी तोच कोर्स करत होते आणि आजी त्यावर भजनांची सीडी लावायची. आजीला इंग्रजी अक्षरं शोधून पासवर्ड टाकायला लावणं म्हणजे तिला मशीनपासून दूर करणं. चोर आलाच असता, तर अख्खं कॅबिनेट उचलून नेलं असतं. स्क्रीनवरच्या चौकटीने त्याला काय अडवलं असतं?

ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि एनटीची यंत्रणा घरात शिरली. स्वागताच्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव आणि शेजारी चित्र: रबरी बदक, बुद्धिबळ, गिटार. मुलांना ती फार आवडायची. मात्र बसवताना तयार झालेली सगळी खाती पूर्ण अधिकारांची आणि बिनपासवर्डची असायची. चित्रावर टिचकी मारली की आत. यातली एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक होती. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यातून नेटवर्कवरून कुणाला आत येऊ द्यायचं नाही, असा नियम एक्सपीमध्ये होता. कीबोर्डसमोर बसलेल्यालाच ते उघडायचं. म्हणजे घरच्या मशीनला पासवर्डच नसणं हे "1234" ठेवण्यापेक्षा बाहेरच्यासाठी जास्त बंद होतं. 2008 च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर नावाच्या किड्याने ते दाखवून दिलं. त्या किड्याकडे सोप्या पासवर्डांची यादीच होती आणि तो एकेक लावून बघत पसरायचा.

खरा धोका तारेतून आला. केबलवाल्यांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर निळ्या लॅन वायरी टाकून अख्ख्या गल्ल्या जोडल्या होत्या. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला तेव्हा माझा फोन दिवसभर खाली ठेवता येत नव्हता. स्क्रीनवर खिडकी यायची, साठ सेकंद उलटे मोजायची आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. पासवर्ड असलेली आणि नसलेली, दोन्ही सारखीच पडली, कारण तो किडा लॉगिनच्या दारातून येतच नव्हता. विंडोज जी सेवा तारेवर उघडी ठेवून बसायचं, तिच्यातल्या दोषातून तो घुसायचा. फोनवर मी सांगायचो: स्टार्ट, रन, शटडाउन लिहा, जागा सोडा, आडवी रेघ, ए, एंटर. मोजणं थांबायचं, मग वायर काढायची आणि मी सीडीवर दुरुस्ती घेऊन पोचायचो. ती दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच काढली होती, पण डायल-अपवर ती उतरवून घेण्याची चैन कुणाला होती? पुढच्या ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला आणि फायरवॉल मुळातूनच चालू मिळू लागली. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेतला सगळ्यात मोठा दिवस तो, आणि लॉगिनशी त्याचा काही संबंध नव्हता.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलीमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी मरोळच्या कडेने वाहते. तळमजल्यावरच्या खोल्यांत पाणी कंबरेला लागलं. पुढचे कित्येक आठवडे गाळ्यात कॅबिनेटांची रांग होती. ज्यांच्या डिस्क पाण्यापासून वाचल्या होत्या, त्या मी काढून माझ्या मशीनला स्लेव्ह, म्हणजे दुसरी डिस्क म्हणून लावायचो, आणि सगळं समोर यायचं: लग्नाचे फोटो, बायोडेटा, सोसायटीचे हिशोब. काहींनी खात्याला पासवर्ड लावून फोल्डर खाजगी केलेले होते. ते सोडवायला मालकी आपल्या नावे केली की पुरायचं. लोक आनंदाने रडायचे. त्यांची माहिती परत मिळाली म्हणून मलाही बरं वाटायचं. पण लॉगिनचा पासवर्ड डिस्कला कुलूप लावत नाही, ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो.

पासवर्ड विचारणं बंद करण्याची विनंती मात्र चालूच राहिली. रनमध्ये "कंट्रोल यूजरपासवर्ड्स2" लिहायचं, वरची खूण काढायची, पासवर्ड दोनदा भरायचा, की मशीन सुरू होताच थेट डेस्कटॉप. या वाटेने गेलं की पासवर्ड निदान झाकून ठेवला जातो. काही मेकॅनिक थेट रजिस्ट्रीत लिहायचे, आणि तिथे तो साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असा पडलेला असायचा. ज्याचा तोच पासवर्ड ई-मेललाही असे, त्याचं ई-मेलही त्यात उघडं. असं काम मी आजही अधर्म मानतो.

मग बँक कॉम्प्युटरमध्ये आली आणि माझं मत बदलायला लागलं. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. ती भिंत नंतर बरीच उपयोगी पडली. पण ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवू लागला होता, आणि आपोआप लॉगिन होणाऱ्या मशीनवर बसणारा कुणीही वडिलांच्या ई-मेलमध्ये असायचा. तेव्हापासून मी घरी गेलो की आधी विचारतो, यावर बँकेचं काम कोण करतं? एकच जण करत असेल, तर त्याचं खातं वेगळं, पासवर्डचं. बाकीच्यांचं मोकळं, अधिकार कमी केलेलं. 98 मधली ती वाटणी मी हाताने पुन्हा मांडतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सीप्झचं फाटक घरातच आलं. एकाच टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, दोन मिनिटं हात लावला नाही की कुलूपबंद होणारा, आणि शेजारी मुलांच्या शाळेसाठी काढलेला जुना पीसी, बटण दाबताच उघडणारा. लोकांनी दोन्ही पद्धती एकाच दिवसात वापरल्या आणि प्रथमच मला उलटी विनंती यायला लागली: "आमच्या घरच्यालाही कुलूप लावून द्या."

आता कुलूप न मागता मिळतं. नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत आलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. अशी डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली तर काहीच वाचता येत नाही. पुराच्या वेळची माझी युक्ती संपली, आणि चोरापासूनचं रक्षण म्हणून ते मला मान्य आहे. पण खातं मुलाने परदेशात जाण्याआधी उघडलेलं, त्याचा इथला नंबर बंद झालेला, आणि घरातल्यांना पासवर्ड माहीत नाही, अशी मशीन दुकानात येतात तेव्हा मी नवऱ्याच्या फोटोसाठी आलेल्या बाईला काय सांगू? म्हणून नवा लॅपटॉप लावून दिला की उठण्याआधी मी खात्यात जाऊन डिस्क उघडणारी 48 आकड्यांची रिकव्हरी की काढतो, छापतो, आणि घरातल्यांना रेशनकार्डाच्या फाइलमध्ये माझ्यासमोर ठेवायला लावतो. लॉगिन आपोआप हवं की हाताने, ते त्यानंतर विचारतो.